शिक्षकांना श्वास नको, वेळ द्या!

शिक्षकांच्या मानसिक आरोग्याची काळजी सध्या सगळ्यांनाच लागली आहे. रामदासपेठेतल्या एका सभागृहात अशाच ‘ताणमुक्ती’ प्रशिक्षणाला मी नुकताच बसून आलो. वक्त्यांनी डोळे मिटायला लावले, दीर्घ श्वास घ्यायला लावले आणि सकारात्मक राहा म्हणून बजावले. त्या दोन तासांत माझ्या मोबाइलवर शाळेच्या ग्रुपमधून चार संदेश आले. चारही ‘आजच माहिती सादर करा’ असे. ताण कुठून येतो, हे माझ्या खिशातच वाजत होतं. मंचावर त्याचा उल्लेखही नव्हता.

माझा आक्षेप श्वासाच्या व्यायामाला नाही. व्यवस्थेने दिलेला त्रास शिक्षकाच्या मनाचा कमकुवतपणा ठरवला जातो, त्याला आहे.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची पाहा. शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा आहे आणि त्यात पूर्वतयारीचे तासही धरले आहेत. म्हणजे पाठाची तयारी हा घरी, रात्री, जेवणं आटोपल्यावर उरकायचा छंद नाही. ते कामच आहे. कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम देता येणार नाही. मग पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसचे रकाने, आधारची जुळवाजुळव? ती ‘शाळेचीच कामं’ म्हणून खपवली जातात. कलम जागेवर राहतं, तास मात्र जातो.

यावर ठरलेलं उत्तर येतं : गुरुजींना पगार भरपूर, सुट्ट्याही भरपूर. हे त्यांनी शिक्षणसेवकाला सांगावं. तीन वर्षं तो मानधनावर राबतो. २०२३च्या वाढीपूर्वी प्राथमिकच्या सेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत होते. आता १६,००० मिळतात. कामचुकार शिक्षक आहेत, हेही खरं. पण रकाने भरण्याच्या सक्तीने ते सुधारत नाहीत. उलट त्यांना वर्गाबाहेर बसायला अधिकृत कारण मिळतं.

शाळांना आजपासून करता येण्यासारखं बरंच आहे. दिवसाची एक तासिका तयारीसाठी मोकळी ठेवा आणि ती बदली तासिकेत गिळू नका. साठ वह्यांचा गठ्ठा घरी नेण्यापेक्षा रोज दहा वह्या वर्गातच, मुलाला शेजारी उभं करून तपासा. चूक त्याला तिथेच कळते. तासाच्या शेवटी ‘आज काय कळलं नाही’ हे एका ओळीत लिहून घ्या, उद्याचा पाठ त्यातूनच सुरू होतो. आठवड्यातून एकदा सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसा, शेरा न मारता. आणि शाळा सुटल्यावर ग्रुपवर आदेश नकोत.

१० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात फातिमाचा उल्लेख आहे : तिला खूप त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. या न कुरकुरण्याचा आपण फार गौरव केला. मला त्या पत्रात दुसरंही काही दिसतं. स्वतः आजारातून सावरत असलेल्या एका शिक्षिकेला आपल्या सहकारिणीवर पडलेल्या भाराची जाणीव होती. ती आज शिक्षण खात्याला आणि संस्थाचालकांना आहे का?

नसेल, तर शिक्षकांनी कुरकुर केलीच पाहिजे. मोठ्याने, लेखी आणि एकत्र.