व्हिडिओतलं यंत्र तुमच्या मोबाइलवर का उडत नाही?

दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत किंवा शिरूरच्या एसटी स्टँडवर आजूबाजूच्या मोबाइलांवर जरा नजर टाका. कुणी रील बघतंय, कुणी क्रिकेट, आणि कोपऱ्यात एखादा ‘माइनक्राफ्ट’ उघडून बसलेला. तो उडणारं जहाज बांधतोय. पिस्टन ढकलतो, चिकट ‘स्लाइम’ ठोकळे शेजारच्यांना सोबत ओढतात, समोर बदल झाला की ‘ऑब्झर्व्हर’ पुढच्या पिस्टनला इशारा देतो आणि अख्खं जहाज हवेत सरकतं. निदान व्हिडिओत तरी सरकतं. याच्या मोबाइलवर ते दोन घरं पुढे जातं आणि अर्धं मागेच राहतं.

मग ‘गेमच बंडल आहे’ म्हणत फोन खिशात जातो. तुमच्यापैकी अनेकांचं असं झालं असेल. आमचं म्हणणं एवढंच, की फोन खिशात टाकण्याआधी पाच मिनिटं थांबा. शिकण्यासारखं जे काही आहे, ते त्या मोडलेल्या जहाजातच आहे.

माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत. कॉम्प्युटरवरची ‘जावा’ आणि मोबाइलवर चालते ती ‘बेडरॉक’. दिसायला सख्ख्या बहिणी, पण प्रोग्रॅम वेगवेगळे लिहिलेले. जावात पिस्टन २०११ मध्ये आले, मोबाइलवर २०१६ मध्ये. त्यामुळे दोघींच्या खोडीही वेगळ्या. जावात पिस्टनच्या वरच्या रिकाम्या जागेपर्यंत वीज पोचली, तरी खालचा पिस्टन हलू शकतो. ही खरं तर गफलत. पण लोकांनी तिच्या भरवशावर इतकं काही बांधून ठेवलं, की कंपनीने ती तशीच राहू दिली. दौंडकरांना यात नवल वाटणार नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, हे कॉर्ड लाइन होईपर्यंत सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

बेडरॉकमध्ये वरच्या जागेची ती सवलत नाही. शिवाय दोन पिस्टनांना एकाच क्षणी इशारा मिळाला, तर आधी कोण हलेल याचा नेम नाही. म्हणजे व्हिडिओतलं यंत्र खरंच असतं, फक्त ते दुसऱ्या जगातलं असतं.

जहाज मोठं करायला गेलात की आणखी एक भिंत लागते. एक पिस्टन एका वेळी १२ ठोकळेच ढकलतो, तेराव्याला जागचा हलत नाही. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर काय दिसतं? ओझं जास्त झालं की चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. शहाणा ड्रायव्हर ट्रॅक्टरला शिव्या देत बसत नाही, ओझं वाटून घेतो. इथेही तेच करा. जहाजाचे तुकडे पाडा, प्रत्येकाला वेगळं इंजिन द्या. एका तुकड्यात स्लाइम वापरलं तर शेजारच्यात मधाचे ठोकळे वापरा. ते दोन एकमेकांना चिकटत नाहीत. क्रम चुकत असेल तर मध्ये आणखी एक ‘ऑब्झर्व्हर’ लावून एका पिस्टनचा इशारा थोडा उशिरा पाठवा. एका वेळी एकच बदल करा, आणि त्याआधी त्या जगाची कॉपी काढून ठेवा.

आणि वहीत लिहा. काय बदललं, काय झालं, कुठे अडकलं.

आता जरा स्वतःच्या बॅगेतलं प्रॅक्टिकलचं जर्नल काढा. त्यातली किती रीडिंग्ज तुम्ही घेतलीत आणि किती सीनिअरच्या जर्नलमधून जशीच्या तशी उतरवलीत? उत्तर आम्हाला नका सांगू. पण ते जर्नल आणि व्हिडिओ बघून बांधलेलं जहाज, दोन्ही एकाच जातीची. दुसऱ्याच्या जगात जुळलेलं आपण आपल्या जगात चिकटवतो, आणि अडलं की का अडलं ते सांगता येत नाही. व्हायव्हात एक्स्टर्नल हेच विचारतात. उद्या रांजणगाव एमआयडीसीत ट्रेनी म्हणून उभे राहाल, तेव्हा थांबलेल्या लाइनपुढेही हाच प्रश्न येईल. तिथे जगाची कॉपी काढलेली नसते, आणि पिस्टनसमोर माणसाचा हात असू शकतो.

गेम खेळून कुणी इंजिनिअर होत नाही. आई-बाबा ‘सोड तो मोबाइल’ म्हणतात, ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण खेळणारच असाल, तर या आठवड्यात एक करून बघा. जे जहाज मोडलं, त्याचं कारण चार ओळींत लिहा. आणि पुढच्या प्रॅक्टिकलला एक तरी रीडिंग, चुकलेलं का असेना, स्वतःचं लिहा.