क्ष, य आणि सोबतीला कुणीतरी

निवृत्तीनंतर पुन्हा गणिताकडे वळलेली मंडळी अलीकडे माझ्या दवाखान्यात वरचेवर भेटतात. कुणी शाळेत शिकवलेले असते, कुणी बँकेत तर कुणी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेली असते. आठवड्यातून दोन-तीन वेळा ती मोबाइल किंवा लॅपटॉप उघडून बसतात. पलीकडे एखादा जुना वर्गमित्र असतो, परगावी बारावीत शिकणारी नात असते किंवा महाविद्यालयातील तीन-चार मुले असतात. बीजगणिताचे वा कॅल्क्युलसचे एखादे उदाहरण घ्यायचे आणि सर्वांनी मिळून ते सोडवायचे, असा हा उद्योग. घरच्यांचा प्रश्न मात्र बहुधा एकच असतो : “डॉक्टर, याने विसरण्याचा आजार टळतो ना?”

तशी हमी देता येत नाही. अमेरिकेत ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या २,८३२ व्यक्तींना बुद्धीच्या निरनिराळ्या कौशल्यांचा सराव देऊन एक मोठा अभ्यास झाला व त्याचे पहिले निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याने ज्या कौशल्याचा सराव केला, त्याचे ते कौशल्य सुधारले. ती सुधारणा इतर कौशल्यांत फारशी उतरली नाही. म्हणजे समीकरणे सोडवल्याने समीकरणे चांगली सुटू लागतील, चष्मा कुठे ठेवला ते आठवेलच असे नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे नोंदवली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणे, नजर अधू होणे, व्यायामाचा अभाव ही कारणे आहेत, आणि एकाकीपणाही आहे. शब्दकोडी किंवा गणिते न सोडवणे हे त्या यादीत नाही.

तरीही मी या मंडळींना थांबवत नाही, उलट उत्तेजन देतो. त्याचे कारण ‘मिळून’ या शब्दात आहे.

एक साधे उदाहरण घ्या. चाळीस मीटर दोरी आहे. तिने जमिनीचा आयताकृती तुकडा घेरायचा आहे. क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती येईल? लांबी आणि रुंदी मिळून वीस मीटर. एक बाजू ‘क्ष’ मानली तर दुसरी ‘२० − क्ष’ आणि क्षेत्रफळ ‘२०क्ष − क्ष²’. आजोबा जुन्या वळणाने पूर्ण वर्ग करतात : १०० − (क्ष − १०)². वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणून वजा होणारा भाग शून्य असतानाच क्षेत्रफळ सर्वाधिक. क्ष दहा, क्षेत्रफळ शंभर चौरस मीटर. पलीकडून नात म्हणते, “आजोबा, एवढं कशाला? डेरिव्हेटिव्ह काढा. २० − २क्ष बरोबर शून्य, क्ष दहा!” उत्तर एकच, वाटा दोन. आता आजोबांना तिची वाट समजून घ्यावी लागते आणि आपली वाट शब्दांत मांडावी लागते. ऐकणे, थांबणे, दुसऱ्याचे म्हणणे डोक्यात धरून ठेवणे, आपले चुकले असेल तर ते मान्य करणे, हे सारे त्या दहा मिनिटांत घडते. एकट्याने वहीत तेच उदाहरण सोडवले तर यातले फार थोडे घडते. शिवाय मंगळवारी अकरा वाजता कुणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव असते. साठीनंतर ती औषधाच्या पेटीत मिळत नाही.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’तील अनेक उदाहरणे एका मुलीला उद्देशून विचारलेली आहेत. गणित हे कुणाशी तरी बोलत करायचे असते, हे त्या ग्रंथाच्या घडणीतच आहे.

सोबतीचा दुसरा लाभ मला वैद्य म्हणून अधिक मोलाचा वाटतो. एक निवृत्त शिक्षक मित्रांसमवेत असे वर्ग चालवीत. काही आठवड्यांपासून ते समीकरणाची बाजू बदलताना चिन्ह बदलायला विसरत होते. तेवढ्याने मी चिंता केली नसती, चिन्हे आपण सारेच विसरतो. परंतु मित्रांनी चूक दाखवल्यावरही ती त्यांना उमगत नव्हती, आणि एकच प्रश्न ते तासाभरात तीनदा विचारीत. घरच्यांना यात काही वावगे दिसले नव्हते. रोज पाहणाऱ्याला सावकाश होणारा बदल दिसत नाही. मित्रांनी मुलाला फोन केला आणि मुलगा त्यांना घेऊन आला. ते शाकाहारी, आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणारे. रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू केल्यावर काही महिन्यांत चुका पुष्कळ कमी झाल्या. सर्वांच्याच बाबतीत असे सुखद कारण सापडत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या औषधातील गुंगी आणणारे घटक, ऐकू न येणे अशी उपाय असलेली कारणे आधी शोधायलाच हवीत. ‘वय झाले’ हे निदान नव्हे.

हिशेबातली गडबड अचानक झाली तर गोष्ट निराळी. आतापर्यंत नीट बोलणारी व्यक्ती शब्द अडखळू लागली, तोंड एका बाजूला वाकडे झाले, पेन धरलेल्या हातातली शक्ती गेली, तर पक्षाघाताची शंका घेऊन तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला उदाहरणाच्या नादात जेवायला उशीर झाला आणि घाम, थरथर, गोंधळ दिसला, तर आधी साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास आणि व्यक्ती शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. यंत्र हाताशी नसेल तर साखर देण्यासाठी थांबू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये.

काळजी घेणाऱ्यांनो, आता थोडे तुमच्यासाठी. आई किंवा सासरे सोडवत असताना मागे उभे राहून उत्तर सांगू नका, आणि ‘शंभरातून सात वजा करत जा पाहू’ अशी घरगुती परीक्षाही घेऊ नका. ती चाचणी आम्ही दवाखान्यात घेतो, आणि तीही इतर गोष्टींसोबत पाहतो. घरात तिने केवळ अपमान होतो. तुमची मदत वेगळ्या जागी हवी आहे. फोन हातात धरायला न लावता स्टँडवर, डोळ्यांच्या पातळीला ठेवून द्या. उदाहरण कागदावर ठळक, मोठ्या अक्षरात उतरवून द्या; पडद्यावरचा घातांक साठीच्या डोळ्यांना दिसतच नाही आणि मग क्ष²चा क्ष होतो. श्रवणयंत्र असेल तर ते कानात आहे ना, हे पाहा. चौघे एकदम बोलू लागले की कमी ऐकणारा माणूस गप्प होतो, आणि बाकीच्यांना वाटते की त्याला गणित येत नाही. एका वेळी एकानेच बोलायचे, एवढा नियम गटाने पाळला तरी पुरे. अर्ध्या तासाने सर्वांनी उठून घरातल्या घरात फेरी मारावी. पाय लोंबकळत ठेवून दोन तास बसल्याने घोट्यांना सूज येते आणि झटकन उठताना चक्करही येते. डोळे कोरडे पडत असतील तर मुद्दाम उघडझाप करावी. रात्री जेवणानंतर मात्र हा उद्योग नको. न सुटलेले उदाहरण झोपू देत नाही, हे मी रुग्णांकडून इतक्यांदा ऐकले आहे की त्यासाठी कुठल्या अभ्यासाचा हवाला देण्याची गरज वाटत नाही.

गटात कुणी नवखा शिरून ओटीपी किंवा बँकेचे तपशील विचारू लागला तर काय करायचे, ते आधीच बोलून ठेवा : फोन बंद, आणि घरच्यांना हाक.

ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांच्यासाठी वरच्याच उदाहरणाला थोडी कलाटणी देतो. दोरी तीच, चाळीस मीटर. पण आता तुकड्याच्या एका बाजूला वाड्याची भिंत आहे, म्हणून दोरी तीनच बाजूंना लावायची आहे. क्षेत्रफळ शंभरापेक्षा बरेच वाढते, आणि या वेळी उत्तर चौरस येत नाही. एकट्याने सोडवू नका. कुणाला तरी फोन लावा.