युरेनियम धरणारे जिवाणू आणि यवतमाळचे पाणी

'युरेनियम खाणारे जिवाणू' असा मेसेज अधूनमधून मोबाईलवर फिरतो. जिवाणू युरेनियम खात नाहीत. आपण जसा श्वासासाठी ऑक्सिजन वापरतो, तसे जमिनीखाली ऑक्सिजन नसताना जिओबॅक्टरसारखे जिवाणू लोह किंवा युरेनियम वापरतात. त्यामुळे पाण्यात विरघळलेले युरेनियम न विरघळणाऱ्या रूपात जाते आणि गाळाला चिकटून बसते. पाणी स्वच्छ होते, पण युरेनियम तिथेच राहते.

अमेरिकेत कोलोराडोतील रायफल या गावी जुन्या युरेनियम गिरणीच्या जागेवर 2002 मध्ये याचा प्रयोग झाला. जिवाणूंना खाद्य म्हणून जमिनीत अॅसिटेट सोडले. काही विहिरींत पन्नासेक दिवसांत युरेनियम ठरवलेल्या मर्यादेखाली आले. पुढे जमिनीतले वापरण्याजोगे लोह संपत आले, दुसऱ्याच जिवाणूंनी जोर धरला आणि युरेनियम पुन्हा वाढू लागले. टेनेसीतील ओक रिज येथे तर आधी पाण्यातले नायट्रेट काढावे लागले, मगच जिवाणूंना युरेनियमपर्यंत पोचता आले. नायट्रेट असेपर्यंत जिवाणू तेच आधी वापरतात, शिवाय गाळात बसलेले युरेनियम नायट्रेटमुळे पुन्हा विरघळते.

यवतमाळचा संबंध येतो तो इथे. आपला जिल्हा युरेनियमसाठी ओळखला जात नाही. पण केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या देशातील 15 जिल्ह्यांत यवतमाळ आहे. त्या पंधरांत महाराष्ट्राचे सात : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. केळापूर, झरी जामणीकडे फ्लोराइडचे जुने दुखणे आहे ते वेगळेच. नेब्रास्काच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले की अमेरिकेतील शेतीपट्ट्यात खडकातले नैसर्गिक युरेनियम पाण्यात येण्याशी नायट्रेटचा संबंध आहे. तिथे युरेनियमची खाण असावीच लागत नाही. म्हणून नायट्रेट जास्त असलेल्या प्रत्येक गावी युरेनियमही तपासायला हवे. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे आणि पहिला धोका किरणांपेक्षा मूत्रपिंडाला आहे.

नायट्रेट येते कुठून? कपाशीला टाकलेला युरिया हे एक उत्तर, आणि सरकारी कागदांत तेच पुढे असते. दुसरे उत्तर वस्तीत दिसते : हातपंपाला लागून शौचालयाचा खड्डा, उघडी नाली, उकिरडा. गावाच्या उताराला वसवलेल्या आपल्या वस्त्यांकडे सगळ्या गावाचे सांडपाणी येते. हे विज्ञान नव्हे, गावाची रचना आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्याने प्रमाण वाढते. लहान बाळ बाटलीच्या दुधावर असेल तर तेच पाणी त्याच्या रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करते. बाळ निळे पडते.

1927 मध्ये महाडला आपण चवदार तळ्याचे पाणी प्यालो, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याचे 'शुद्धीकरण' केले होते. हा शब्द कोण, कशासाठी वापरतो हे पाहण्याची सवय आपल्याला तेव्हापासून आहे. उद्या कुणी जिवाणूंचा प्रकल्प घेऊन आलाच, तर त्यालाही तेच विचारावे लागेल : गाळात बसवलेल्या विषावर वीस वर्षे नजर कोण ठेवणार? झारखंडच्या जादुगोडा भागात 1967 पासून युरेनियम काढले जाते, आणि खाणीचा गाळ साठवलेल्या तलावांशेजारी आदिवासी गावे आहेत. असा प्रयोग करायचाच तर त्याची गरज आधी अशा ठिकाणी आहे.

यवतमाळचे काम त्याहून साधे आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीतली बाई आहे का, आणि वस्तीच्या हातपंपाचे पाणी तपासले का, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. किट नायट्रेट, फ्लोराइड दाखवते, युरेनियम नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा ठराव घ्यावा लागेल. नाली आणि पाणीपुरवठ्याची कामे अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेत बसतात. आराखड्यात मात्र बहुतेक वेळा सिमेंटचा रस्ता आणि कमान पुढे असते. पुढचा आराखडा मंजूर होण्याआधी हातपंपाशेजारचा तो खड्डा त्यात लिहून आला पाहिजे.