फसवणुकीवर चार थेंब

मागच्या शनिवारी पिंपळनेरला घरी गेलो होतो. काकांच्या उशाशी एक छोटी बाटली दिसली. म्हटलं बीपीचं काहीतरी असेल. तर म्हणे पुष्पौषधी! दिवसातून चार वेळा चार थेंब, मनाला बसलेल्या धक्क्यासाठी...

धक्का कसला? निवृत्तीचे चार लाख एका पतसंस्थेत अडकलेत. शाखेला वर्षभर कुलूप. "पैसा गयात ते गयात भाऊ, आते झोप बी गयी," काका म्हणाले.

मंडळी, हे दुखणं खोटं नाही. पण औषधाचं काय? एडवर्ड बाख या इंग्रज डॉक्टरने १९३० च्या दशकात अशी ३८ औषधं काढली. २०१० मध्ये एडझार्ड अर्न्स्टने त्यांच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तर प्लासिबोपेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. शिवाय मूळ कृतीत ती ब्रँडीत टिकवतात. आमचे काका माळकरी. बोला आता!

असो. माझा राग थेंबांवर नाही. ते देणाऱ्या ताईंनी सोबत रेकी आणि 'क्षमा ध्यान' दिलं, वर सल्ला: "तक्रार करू नका, ऊर्जा निगेटिव्ह होते. तुमच्यातच काहीतरी होतं म्हणून असं वाट्याला आलं."

म्हणजे पैसे खाल्ले दुसऱ्याने आणि पेशंट कोण, तर काका! आमच्याकडे डेटा उडाला तर युजरला कुणी प्राणायाम सांगत नाही. लॉग काढतात.

खान्देशाला हे नवं नाही. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेच्या संचालकांना २०१५ मध्ये अटक झाली. पुढे २०२० मध्ये खुद्द अवसायकावर गुन्हा दाखल झाला आणि पुणे पोलिसांनी जळगावात छापे घातले. कशामुळे? ठेवीदाराने तक्रार केली म्हणून. १९९९ च्या एमपीआयडी कायद्याने मालमत्ता जप्त करता येते, पण आधी कुणीतरी पावती घेऊन पोलिसांत जावं लागतं. मनातल्या मनात क्षमा करून टाकली तर फाइल उघडणार कशी?

ध्यान करा, हरिपाठ म्हणा, झोप नसेल तर डॉक्टरकडे जा. माझी काहीच हरकत नाही. पण शांत व्हायची अट 'गप्प बसा' अशी असेल, तर ती थेरपी चोराच्या सोयीची आहे.

रविवारी पत्र्याची पेटी उघडली. अकरा पावत्या निघाल्या. सोमवारी रजा टाकली आणि काकांना घेऊन धुळ्याला एसपी ऑफिसात तक्रार दिली.

पैसे मिळतील? माहीत नाही. पण परत येताना साक्री यायच्या आत काका एसटीत चक्क घोरत होते. बाटली घरीच राहिली होती.