माज चुकला की वेत लांबले

आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांपैकी पुष्कळांची गावाकडे थोडीफार जमीन असते आणि दावणीला एक-दोन म्हशी, एखादी गाय. मागाला मंदी आली, दुकानात उधारी तुंबली, तरी दुधाचा पैसा हातात येत राहतो, म्हणून हा जोडधंदा धरून ठेवला जातो. पण त्यात बरकत नाही ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. दोष पेंडीच्या भावाला आणि दुधाच्या दराला दिला जातो. तो काही खोटा नाही. मात्र आमच्या मते मोठे नुकसान तिसरीकडेच होते. जनावर माजावर आलेले वेळेवर ओळखले जात नाही.

हिशोब करून पाहा. गाय असो वा म्हैस, माज साधारण २१ दिवसांनी येतो. एक माज चुकला म्हणजे २१ दिवस फुकट गेले. समजा भाकड म्हशीच्या चाऱ्यापाण्याला रोज १५० रुपये लागतात, तर एका माजाचे ३,१५० रुपये झाले. लागोपाठ तीन चुकले तर ६३ दिवस आणि ९,४५० रुपये. पुढचे वेत लांबले ते वेगळेच. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते. व्यायल्यावर तीन महिन्यांच्या आत ती पुन्हा भरली तर तेरा-सव्वातेरा महिन्यांनी वेत मिळते. एरवी दीड-दोन वर्षेही निघून जातात. गोदामात थान पडून राहिले तर आपल्याला झोप लागत नाही. दावणीला भांडवल पडून आहे याची मात्र खंत वाटत नाही.

गाईचा माज ओळखणे तसे सोपे. ती हंबरते, अस्वस्थ होते, चारा कमी खाते, दूध चोरते, दुसऱ्या जनावरांवर उडते. दुसरे जनावर तिच्यावर उडाले आणि ती न हलता उभी राहिली, तर ती माजावर आहे हे पक्के समजावे. मागून काचेसारखा स्वच्छ, तारेसारखा लोंबणारा सोट दिसतो.

म्हशीचे तसे नाही. तिचा माज पुष्कळदा मुका असतो. ती इतर जनावरांवर फारशी उडत नाही, सोटही थोडाच असतो आणि बहुधा ती बसलेली असतानाच जमिनीवर दिसतो. घडीघडी थोडी थोडी लघवी करणे, शेपटी बाजूला धरणे, मागचे अंग सुजून लालसर होणे, पान्हा न सोडणे, मधूनच ओरडणे या बारीक खुणांवर लक्ष ठेवावे लागते. उन्हाळ्यात तर या खुणाही मंदावतात, कारण काळ्या कातडीला ऊन सोसत नाही. म्हणून त्या दिवसांत सावली, भरपूर पाणी आणि दुपारी अंगावर पाणी मारणे जरुरीचे आहे.

म्हशीच्या या खुणा रात्री आणि पहाटे जास्त दिसतात. दिवसा दुकानातून येऊन एक नजर टाकणाऱ्याला त्या सापडणार नाहीत. आपल्याला तर वेळ आयतीच बांधून दिलेली आहे. फजरच्या नमाजनंतर आणि इशाच्या नमाजनंतर वीस-वीस मिनिटे गोठ्यात शांत उभे राहावे. चारा टाकताना किंवा धार काढताना नव्हे, कारण तेव्हा जनावराचे लक्ष खाण्यात असते.

दुसरी गोष्ट जरा स्पष्ट बोलायची आहे. पुष्कळ घरांत धार काढणारी, शेण उचलणारी घरातली बाई असते. खूण प्रथम तिलाच दिसते. पण हा विषय पुरुषांपुढे काढायचा नाही, अशी शरम असते. ती गप्प राहते आणि २१ दिवस निघून जातात. ही शरम महाग पडते. मुके जनावर आपल्याकडे अमानत आहे, त्याच्या गरजेबद्दल बोलण्यात बेअदबी कसली? घरच्या बाईने नुसते "आज डॉक्टरला बोलवा" म्हणावे आणि पुरुषाने उलट प्रश्न न करता बोलवावे, एवढा रिवाज पाडला तरी पुरे.

बोलावण्याची वेळही महत्त्वाची. माज साधारण १२ ते २४ तास टिकतो आणि बीज त्यानंतर सुटते. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सोट पांढरट किंवा पूसारखा असेल तर रेतन न करता आधी इलाज करावा.

आता वहीबद्दल. आपण पै-पैची उधारी वहीत लिहितो, मग म्हशीची एक पाटी वहीत का नसावी? व्याल्याची तारीख, माजाची तारीख, रेतनाची तारीख, एवढेच लिहायचे. घरात चाँदची तारीख मोजत असाल तर तीही लिहा, पण डॉक्टरसाठी इंग्रजी तारीख शेजारी असू द्या. रेतनानंतर १८ ते २४ दिवसांत पुन्हा नजर ठेवा. "माज दिसला नाही, म्हणजे गाभण" हा समज म्हशीच्या बाबतीत फसवा आहे, कारण माज मुकाही असू शकतो. तीन महिन्यांच्या आत डॉक्टरकडून तपासून घ्या. आणि व्यायल्यावर दोन-तीन महिने होऊनही माज दिसलाच नाही तर नशिबावर न सोडता खनिज मिश्रण, हिरवा चारा आणि तपासणी यांकडे वळा.

पेंडीचा भाव आपल्या हातात नाही, दुधाचा दरही नाही. माजाची तारीख आपल्या हातात आहे. तिला लागते ती एक वही, दोन वेळची नजर आणि घरात मोकळेपणाने बोललेला एक शब्द. यातले काहीही बाजारातून विकत आणावे लागत नाही.