टक्केवारीतलं पाणी

आमच्या ऑफिसात 'डिसेंबरात कुठे जायचं' हा विषय निघाला की उत्तर ठरलेलं: तारकर्ली. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथली खाडी शांत, कयाक मिळते, फोटो हमखास चांगले येतात. मी परभणीचा, नोकरीला पुण्यात. मीही तिथं वल्हं मारून आलोय. खाडी सुंदरच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'शांत पाणी म्हणजे कोकण' या समजुतीशी. आणि ती सगळ्यात पक्की आहे आम्हा मराठवाड्यातल्या पोरांच्याच डोक्यात.

शाळेत भूगोलाला 'खाजण' होतं. वाळूच्या दांड्यानं समुद्रापासून तुटलेलं उथळ पाणी, उदाहरण चिल्का. आम्ही पाठ केलं, मार्क घेतले. आणि आमच्याच जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर १९६८ सालचं येलदरी धरण होतं, सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर क्षमतेचं. त्याची ओळख एकच: टक्केवारी. मृतसाठ्यात गेलं की धसका, भरून दरवाजे उघडले की गर्दी. लोक गाड्या काढून सांडवा बघतात, भजी खातात, रील टाकतात आणि परत फिरतात. धरण म्हणजे जणू बँक बॅलन्स. तो तपासायचा असतो, त्यात कुणी उतरत नाही.

आता घरचा प्रश्न येणारच: लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि तुला होड्या सुचतात? हो, सुचतात. वल्हं पाणी पीत नाही. पाणी उन्हानं उडतं, फुटक्या चाऱ्यांतून गळतं, त्यावर कुणी एवढं चिडताना दिसत नाही.

'बुडलं कुणी तर?' हा दुसरा प्रश्न मात्र खरा आहे. बुडतात तर आजही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेततळ्यात उतरलेलं पोर प्लास्टिकच्या कागदावरून घसरतं आणि त्याला वर चढता येत नाही. नदीत वाळू उपसून झालेले डोह वरून कळत नाहीत. यावर आपला एकमेव उपाय म्हणजे 'पाण्याकडं फिरकू नको' अशी ताकीद. पोहायला शिकवायचं नाही, पाणी वाचायला शिकवायचं नाही, आणि पोरगं गेलं की पेपरात दोन ओळी. ही सावधगिरी नाही, हा निव्वळ आळस आहे.

याचा अर्थ येलदरीवर जेट-स्की आणा असा नाही. सरकारी भाषेत जलपर्यटन म्हटलं की पेट्रोलच्या बोटी, काचेचा पूल आणि सेल्फी पॉइंट एवढंच कुणाला तरी सुचतं, याचीच मला जास्त भीती वाटते. हे लोकांच्या पिण्याचं पाणी आहे. त्यात इंजिन नको, ब्लूटूथ स्पीकर तर अजिबात नको. भिंत, सांडवा आणि वीजगृहाच्या बाजूला कुणी जायचंच नाही. हिवाळी पाहुणे, म्हणजे चक्रवाक वगैरे, जिथं उतरतात तिथून लांबून जायचं.

आणि हे पाणी रिकामं नाही, हे पुण्याहून आलेल्यांनी आधी समजून घ्यावं. आमच्याकडच्या धरणांवर भोई समाजाची माणसं पिढ्यान् पिढ्या मासेमारी करतात, कुणी होडीवर, कुणी नुसत्या थर्माकोलच्या तराफ्यावर. तलाव ठेक्यानं घेतलेल्या त्यांच्या सहकारी संस्था असतात. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, त्यावर कुणाची तरी चूल पेटते. जाळ्यावरून कयाक नेली तर शिव्या बसतील, आणि बसाव्यातच.

म्हणून मला रिसॉर्ट नको आहे. जिंतूरच्या शाळांतली पोरं, मापाची लाइफ जॅकेट, काठालगतचं उथळ पाणी, आणि शिकवायला हेच भोई मामा. त्यांना त्या दिवसाची पूर्ण रोजंदारी द्यायची, सकाळची जाळी काढून झाल्यावर.