जर्नल कोणाचं, बिल कोणाला?

आपल्या हॉस्टेलवर 'जर्नल' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती सबमिशनच्या आदल्या रात्री एकाची बघून चौघांनी उतरवलेली वही. फायनल इयरला गेल्यावर कळतं, की जगात दुसरीही जर्नल्स असतात. ती उतरवून काढणं सोडाच, नुसती वाचायलाही पैसे पडतात!

प्रोजेक्टसाठी आम्हाला एक पेपर हवा होता. स्क्रीनवर सारांश फुकट, पुढे किंमत डॉलरमध्ये. तेवढ्या पैशांत आमच्या चौघांची आठवड्याची मेस निघाली असती.

आता गंमत बघा. संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा सरकार करतं, म्हणजे जनता. पेपर लिहिणाऱ्याला प्रकाशक छदाम देत नाही. तपासणारे प्राध्यापकही बहुधा फुकटच तपासतात. आणि मग तोच पेपर त्यांच्याच लायब्ररीला विकत घ्यावा लागतो. घरचं दूध डेअरीला फुकट घालायचं आणि चहासाठी पिशवी विकत आणायची, असा हा व्यवहार!

यावर सरकारनं उपाय काढला, 'एक राष्ट्र, एक सदस्यता'. १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स देशभरातल्या सरकारी संस्थांना खुली झाली. तीन वर्षांसाठी तरतूद ६,००० कोटी रुपयांची. चांगलंच झालं. पण आपलं कॉलेज पडलं विनाअनुदानित, त्यामुळे आपण दाराबाहेर. शिवाय हे भाडं आहे. भरायचं थांबलं की पुन्हा कुलूप.

मग पेपर सगळ्यांनाच फुकट का नसावेत? २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात हीच मागणी होती, 'ओपन अ‍ॅक्सेस'ची. ती बरीचशी मान्यही झाली. पण प्रकाशक काही कच्चे नाहीत! अनेकांनी तिकीटखिडकी वाचकाकडून उचलली आणि लेखकासमोर मांडली. 'नेचर'नं २०२१ पासून असा एक पेपर खुला करायचा दर ठेवला ९,५०० युरो, म्हणजे तेव्हाचे आठ लाखांहून जास्त रुपये. आधी आपल्याला वाचणं परवडत नव्हतं, आता लिहिणंही परवडेना.

आणि याच खिडकीच्या आडोशाला बोगस जर्नल्सचं दुकान थाटलं गेलं. आम्हीही तिथे गिऱ्हाईक झालो, कबूल करतो. तीन दिवसांत पेपर 'स्वीकृत', वर्गणी काढून पैसे भरले, चौघांना रंगीत सर्टिफिकेट. एका ग्राफवर दोन्ही अक्षांची नावं आम्ही उलटी टाकली होती. जर्नलवाल्यांना ती दिसली नाहीत. व्हायवाला एक्स्टर्नलना पहिल्याच मिनिटात दिसली. त्या दिवशी कळलं, आम्ही तपासणीचे पैसे भरलेच नव्हते, छापण्याचे भरले होते.

दुसरा रस्ता नाही असं नाही. भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत लॉस अ‍ॅलामॉसला 'आर्काइव्ह' सुरू केलं. तिथे पेपर ठेवायलाही पैसे नाहीत, वाचायलाही नाहीत. लांब कशाला, मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं आणि जी. एस. मेडिकल कॉलेजचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' घ्या. २००० च्या दशकात त्यांनी अंक इंटरनेटवर फुकट ठेवले आणि लेखकांकडूनही पैसे घेतले नाहीत. छापील अंकाची वर्गणी होतीच की! तपासणीही चोख. म्हणजे 'फुकट तेवढं भिकार' हा समज चुकीचा, आणि 'पैसे भरले म्हणजे दर्जा' हा तर त्याहून चुकीचा.

म्हणून माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. लायब्ररीतल्या कपाटात काळ्या बाइंडिंगमधले आपले प्रोजेक्ट रिपोर्ट धूळ खात पडलेत. गाईडनी तपासून त्यातले बरे तेवढे कॉलेजनं इंटरनेटवर खुले करावेत. सर्व्हर आपल्याकडे आहे, काम करायला पोरंही आहेत. पुढच्या बॅचला निदान आमच्या चुका तरी फुकट वाचायला मिळतील.

आणि सर, मॅडम, तुम्हाला एक विनंती. पेपर छापून आल्याच्या सर्टिफिकेटवर मार्क देणं बंद करा. ते बंद झालं की निदान आपल्या कॉलेजपुरतं तरी ते दुकान बंद होईल. मार्क द्यायचेच तर तो ग्राफ बघून द्या. आमचे त्यात गेले असते, पण ते बरोबर झालं असतं.